उरलेली उष्णता कुठे गेली?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होतं, त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं. त्यांच्याविषयी इथल्या अनेकांना माझ्यापेक्षा अधिक माहिती आहे. म्हणून मी थेट विषयाला हात घालते. त्यांनाही तेच रुचलं असतं.

दहावीला विज्ञानाची दोन पुस्तकं असतात. २०१८ साली आलेल्या पुस्तकांच्या पहिल्या भागात ‘उष्णता’ हा धडा आहे. पाण्याचं तापमान एका अंशाने वाढवायला किती उष्णता लागते ते त्यात येतं आणि तिथे मुलांना कॅलरी भेटते. दुसऱ्या भागात सजीवांच्या जीवनप्रक्रिया आहेत. एक ग्रॅम कर्बोदकातून चार किलोकॅलरी मिळतात आणि एक ग्रॅम मेदातून नऊ, हे तिथे मुलं पाठ करतात. पहिल्या धड्यातली कॅलरी पाण्यात असते, दुसऱ्यातली पोटात. दोन्ही एकच आहेत हे कळण्याचा सरळ मार्ग म्हणजे अन्नाचा दाणा जाळायचा आणि त्याच्या आचेवर पाणी तापवायचं. याला एका तासिकेपेक्षा जास्त वेळ लागत नाही. तरी आपल्या वाशिम जिल्ह्यातली बहुसंख्य मुलं हा प्रयोग हाताने न करताच शाळेतून बाहेर पडतात. मला हे फार लागतं, कारण हे दाणे याच मुलांच्या घरी पिकतात.

प्रयोग असा. पत्र्याचा एक रिकामा डबा घ्या. त्यात १०० मिलिलिटर, म्हणजे १०० ग्रॅम पाणी ओता आणि डबा स्टँडवर टांगा. पोती शिवायचं दाभण बटाट्यात उभं खोचा आणि त्याच्या टोकावर शेंगदाणा टोचा. दाण्याचं वजन आधी करून ठेवायचं. शाळेत बारीक वजनाचा काटा नसेल तर वीस दाणे एकत्र तोला आणि विसाने भागा. पाण्याचं तापमान वहीत लिहा. दाणा पेटवा आणि ज्योत धरली की लगेच डब्याखाली सरकवा. दाणा विझला की पाणी हलकेच ढवळा आणि तापमान पुन्हा वाचा. हे सगळं शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि उघड्या व्हरांड्यात करायचं. वेण्या आणि ओढण्या बांधलेल्या हव्यात आणि शेजारी ओलं पोतं हवं. कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर सुरुवात तिळाने करायची. प्रयोगातला दाणा कुणीही तोंडात टाकायचा नाही.

समजा दाणा अर्ध्या ग्रॅमचा होता आणि पाणी ९ अंशांनी तापलं. १०० ग्रॅम पाणी ९ अंशांनी तापायला ९०० कॅलरी लागतात. अर्ध्या ग्रॅमने ९०० दिल्या, म्हणजे एका ग्रॅमने १८०० आणि शंभर ग्रॅमने १८० किलोकॅलरी. आता हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं जुनं कोष्टक उघडा. शंभर ग्रॅम शेंगदाण्यापुढे तिथे ५६७ हा आकडा आहे. आपल्या हाती त्याचा तिसरा हिस्सासुद्धा लागलेला नाही.

बहुतेक वर्गांत प्रयोग इथे मरतो. कुणी ‘प्रयोग चुकला’ म्हणतं, कुणी वहीत गुपचूप ५६७ च्या जवळचा आकडा लिहून टाकतं. माझं म्हणणं असं की प्रयोग इथे सुरू होतो. मुलांना आता एकच प्रश्न विचारायचा: उरलेली उष्णता कुठे गेली?

अर्धा ग्रॅम शेंगदाण्यात पुस्तकाच्या हिशेबाने सुमारे २८३५ कॅलरी होत्या. पाण्याने घेतल्या ९००. डबाही तापलाच होता. लोखंडी पत्र्याचा डबा ५० ग्रॅमचा धरला तर लोखंडाची विशिष्ट उष्माधारकता ०.११, म्हणून ९ अंशांना साधारण ५० कॅलरी डब्याच्या नावावर. दाभणाच्या टोकावर काळा कोळसा उरला आहे, तो तोला. ०.०५ ग्रॅम भरला आणि तो बहुतांश कार्बन आहे असं धरलं, तर त्यात न जळलेल्या पावणेचारशे ते चारशे कॅलरी अडकलेल्या आहेत. डब्याच्या बुडाला काजळी धरली, तीही न जळलेलं इंधनच. बाकीची उष्णता वाऱ्याने नेली. ज्योतीच्या चारही बाजूंची हवा तापली, डब्याच्या कडेने वर गेली आणि थोडं पाणी वाफ होऊन गेलं. पाटी मांडून यातली एकेक रक्कम मुलं जमेस धरू लागली की हा हिशेब त्यांचा स्वतःचा होतो.

मग मुलं डब्याभोवती पत्र्याचा आडोसा करतात, पंखा बंद करतात, डबा खाली घेतात. एक युक्ती मात्र त्यांना सांगावी लागते. ती अठराव्या शतकात तोफा कोरताना उष्णतेचा अभ्यास करणाऱ्या काउंट रम्फर्डच्या नावाने ओळखली जाते. प्रयोग संपताना पाणी खोलीपेक्षा जितके अंश गरम असेल, साधारण तितकेच अंश ते सुरुवातीला खोलीपेक्षा थंड ठेवायचं. पहिल्या अर्ध्या वेळात पाणी हवेतून उष्णता घेतं, दुसऱ्या अर्ध्यात ती परत देतं आणि देणंघेणं जवळपास फिटतं. युरोपातल्या प्रयोगशाळेत यासाठी बर्फ आणावा लागे. आपल्याकडे वर्गाच्या कोपऱ्यात माठ असतो. वाशिमच्या कोरड्या उन्हाळ्यात माठातलं पाणी हवेपेक्षा बरेच अंश थंड असतं. बाजूला मोकळ्या हवेत ठेवलेलं पाणी त्यात मिसळून हवा तेवढा फरक साधता येतो.

आता पुढची पायरी. डबा तोच, पाणी तितकंच, आडोसा तोच ठेवायचा आणि शेंगदाण्याच्या जागी सोयाबीन घ्यायचं. सोयाबीनचा दाणा दाभणाने फुटतो, म्हणून बारीक तारेची वाटी वळायची. समजा पाच दाणे मिळून ०.६ ग्रॅम भरले आणि पाणी पुन्हा ९ अंशांनीच तापलं. जेवढी उष्णता अर्ध्या ग्रॅम शेंगदाण्याने दिली तेवढीच द्यायला सोयाबीनचे ०.६ ग्रॅम लागले, म्हणजे सोयाबीन शेंगदाण्याच्या पाच षष्ठांश. ५६७ चे पाच षष्ठांश सुमारे ४७२. डब्याचे दोष दोन्ही वेळा सारखेच, म्हणून त्यांचा आपल्याला त्रास होत नाही. माहीत असलेल्या वस्तूवर साधन पारखून घ्यायचं आणि मग माहीत नसलेली वस्तू मोजायची, ही मोजमापाच्या साऱ्या शास्त्राची रीत या एका डब्यात शिकता येते.

पण कोष्टकात सोयाबीनपुढे ४३२ आहे आणि आपला आकडा ४७२. मघाशी कमी पडत होता, आता जास्त भरला. नुसत्या एका प्रयोगावरून हा फरक खरा म्हणता येणार नाही. तापमापी वाचताना अर्धा अंश चुकला तरी वीस-पंचवीस किलोकॅलरी इकडच्या तिकडे होतात. पण वर्गातल्या सगळ्या गटांनी पुन्हा पुन्हा केलं आणि तरी आकडा पुस्तकाच्या वरच राहिला, तर त्यामागे काही आहे असं मानावं लागेल. आणि तसं खरंच आहे. ते समजून घ्यायला थोडं मागे जाऊ.

१७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी एक गिनिपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला. दहा तासांत त्याच्या अंगच्या उष्णतेने सुमारे तेरा औंस बर्फ वितळला. त्याने श्वासातून सोडलेला वायू मोजून तेवढाच वायू कोळसा जाळून मिळवला तर किती बर्फ वितळतो हे त्यांनी ताडून पाहिलं. दोन्ही उत्तरं जवळपास आली. श्वसन हे एक संथ ज्वलन आहे, हे तेव्हा पहिल्यांदा काट्यावर आणि बर्फावर सिद्ध झालं. अकरा वर्षांनी, ८ मे १७९४ रोजी, क्रांतिकाळातल्या पॅरिसने लाव्हाझिएला गिलोटिनवर चढवलं.

पुढचं मोठं काम अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात विल्बर ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी केलं. त्यांनी माणूस मावेल अशी तांब्याच्या पत्र्याची खोली बांधली. माणूस तिच्यात दिवसेंदिवस राही, जेवे, झोपे, एका जागी उभी केलेली सायकल चालवी. खोलीतल्या नळ्यांतून वाहणाऱ्या पाण्याने त्याची उष्णता मोजली जाई. त्याचं अन्न, त्याची विष्ठा आणि त्याचं मूत्र, या तिन्हींचं ज्वलनमूल्य वेगळं काढलं जाई. तिथून चार-नऊ-चार हे गुणक आले: प्रथिनांना चार, मेदाला नऊ, कर्बोदकांना चार.

यात आपलं उत्तर आहे. शुद्ध प्रथिन भांड्यात जाळलं तर ग्रॅममागे साडेपाच किलोकॅलरींहून जास्त उष्णता देतं. शरीर मात्र प्रथिन पुरतं जाळत नाही. त्यातला नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे जातो आणि थोडी ऊर्जा सोबत नेतो. काही भाग पचतच नाही. हातात राहतात चार. सोयाबीनमध्ये प्रथिनं शंभरात ४३ च्या वर आहेत, शेंगदाण्यात २५. म्हणून जाळून पाहिलं की सोयाबीन पुस्तकापेक्षा उजवं दिसतं. दोषच नसलेला डबा कुणी बनवला तर शेंगदाण्याचा आकडासुद्धा ५६७ च्या वर जाईल. डब्यातून उष्णता निसटते तशी देहातूनही निसटते, फक्त देहातली निसटलेली उष्णता कोष्टकाने आधीच वजा केलेली असते.

मुलांना हे सुद्धा सांगायला हवं की कोष्टकातला आकडा दाणा जाळून काढलेला नसतो. प्रयोगशाळेत प्रथिनं, मेद आणि कर्बोदकं मोजतात आणि गुणकांनी गुणतात. करून बघा. शेंगदाण्यात प्रथिनं २५.३, मेद ४०.१, कर्बोदकं २६.१. चार, नऊ आणि चारने गुणून बेरीज केली की ५६६.५. सोयाबीनचे आकडे ४३.२, १९.५ आणि २०.९. बेरीज ४३१.९. पुस्तकातला आकडा आपल्या वहीत जसाच्या तसा उगवला की त्याचा धाक जातो.

हे कोष्टकही आपल्याच देशात तयार झालेलं आहे. नीलगिरीतल्या कुन्नूरला मॅक्‌कॅरिसन यांनी १९१८ मध्ये बेरीबेरीच्या शोधासाठी सुरू केलेल्या छोट्या कामातून पुढे पोषणाची प्रयोगशाळा उभी राहिली. तिचे नंतरचे संचालक आयक्रॉइड यांनी भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका १९३७ मध्ये काढली. पुढे ही संस्था हैदराबादला गेली, गोपालन यांच्या नावाने ओळखली जाणारी कोष्टकं पिढ्यान् पिढ्या वापरली गेली. २०१७ मध्ये ५२८ पदार्थांची नवी कोष्टकं आली. त्यांत ऊर्जा किलोजूलमध्ये आहे. ४.१८४ ने भागलं की आपली किलोकॅलरी मिळते.

आता आपल्या मातीतलं एक उदाहरण घेऊ. कारंजा, मानोरा, मंगरुळपीर या भागात कापूस पिकतो. चिमूटभर कापूस तोलून त्याच डब्याखाली जाळा. एक ग्रॅम कापूस चार किलोकॅलरींच्या आसपास उष्णता देतो. एक ग्रॅम साखरही तेवढीच देते. दोन्ही ग्लुकोजच्याच घराण्यातले, पण कापसातल्या सेल्युलोजची साखळी ज्या प्रकारे जोडलेली आहे ती तोडणारं विकर माणसाच्या आतड्यात नाही. बैलाच्या पोटात ते काम करणारे सूक्ष्मजीव आहेत. म्हणून कडबा आणि कुटार बैलाला अन्न आहे आणि आपल्याला नाही. पऱ्हाटी आणि तुऱ्हाटी चुलीत घातली की तीच ऊर्जा भाकर भाजते. भाकरीतली ऊर्जा, तिच्याखालच्या पऱ्हाटीतली ऊर्जा आणि बैलाने ओढलेल्या डवऱ्यातली ऊर्जा एकाच मापाने मोजता येते. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला किंवा मुलीला हे कळलं की तिसऱ्या इयत्तेपासून ऐकत आलेला ‘ऊर्जा’ हा शब्द पहिल्यांदा जमिनीवर उतरतो.

सोयाबीनचं आणखी एक. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारी द्रव्यं असतात. कच्चा दाणा डब्याखाली छान जळतो, पोटात मात्र त्याची प्रथिनं नीट पचत नाहीत. नीट शिजवलं, वाफवलं की ती द्रव्यं बऱ्याच अंशी निकामी होतात. ज्योतीला कच्चं आणि शिजलेलं यात फरक दिसत नाही, देहाला दिसतो. रिसोड-मालेगावच्या शिवारात नजर पोहोचेल तिथवर सोयाबीन असतं. शंभरात ४३ भाग प्रथिन असलेला हा दाणा सोंगणी झाली की बाजार समितीत जातो, तिथून तेलगिरणीत जातो आणि आपल्या ताटात क्वचितच परत येतो. २०१८ मध्ये देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांची यादी झाली तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत वाशिम होतं, आणि त्या यादीच्या निकषांत पोषणाला मोठं स्थान होतं. या दोन गोष्टी शेजारी ठेवून मुलांनी विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

आता मी प्रयोगशाळेच्या बाहेर जाते, कारण या आकड्यांनी माणसांच्या जगण्या-मरण्याचे निर्णय ठरलेले आहेत.

१८७७ च्या दख्खन आणि मद्रासच्या दुष्काळात सरकारचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुष मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडी रोख रक्कम अशी खाली आणली. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. तांदळाला शंभर ग्रॅममागे ३४५ धरून गुणा: सुमारे १५६५ किलोकॅलरी. आज भारतीय वैद्यक संशोधन परिषद कष्टाचं काम करणाऱ्या पुरुषाला ३४७० किलोकॅलरी लागतात असं म्हणते. त्या काळचा मजूर अंगाने कितीतरी बारीक होता असं धरून या आकड्यातून हवं तेवढं कमी करा, तरी खडी फोडणाऱ्या माणसाला १५६५ पुरत नाहीत. मुंबई इलाख्यात मजुरांनी ही कामं सोडून दिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी या शिध्याला कसून विरोध केला. त्यांच्या हाती चार-नऊ-चारचं कोष्टक नव्हतं. त्यांनी माणसांची शरीरं पाहिली होती. तेव्हा वाशिम वऱ्हाडातल्या बासीम जिल्ह्याचं ठाणं होतं आणि तो दुष्काळ मुख्यतः आपल्या दक्षिणेचा. पण १८९९-१९०० चा वऱ्हाडाने पुरता भोगला. १९७२ च्या दुष्काळातली सुकडी आणि अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी तर या सभागृहातल्या ज्येष्ठांनी चाखलेली असेल.

स्वातंत्र्यानंतर हाच आकडा दारिद्र्यरेषेत शिरला. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी दिवसाला २२५० किलोकॅलरी ज्या खर्चात मिळतात तो खर्च त्यांनी सीमारेषा मानला. १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कृतिगटाने ग्रामीण भागासाठी २४०० आणि शहरांसाठी २१०० हे आकडे घेतले. या पद्धतीला सर्वांत जोरदार आव्हान दिलं तेही एका मराठी माणसाने. पां. वा. सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, मोठे संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत त्यांनी दीर्घकाळ काम केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: एकाच निरोगी माणसाचं खाणं दिवसागणिक, आठवड्यागणिक बदलतं आणि देह स्वतःला काही मर्यादेत सांभाळतो. म्हणून सरासरी गरजेच्या खाली असलेला प्रत्येक जण उपाशी, असं मोजणं चूक आहे. १९८० च्या आसपास सुखात्मे आणि दांडेकर यांचा हा वाद ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये गाजला.

या वादात मी कुठे उभी आहे ते सांगते. देह सांभाळून घेतो, हे खरं. पण तो सांभाळतो कशाच्या बळावर, हे विचारलं पाहिजे. कमी खाणारं मूल खेळणं कमी करतं, वाढ आखडती घेतं. कमी खाणारी बाई थकव्यासह काम ओढत राहते. याला समतोल म्हणण्याची माझी तयारी नाही. इथे मी दांडेकरांच्या बाजूची आहे. सुखात्म्यांनी मात्र आणखी एक गोष्ट आग्रहाने मांडली, ती मला पटते. पोटात गेलेलं अन्न अंगी लागायचं तर पाणी स्वच्छ हवं, शौचालयं हवीत, सांडपाण्याची वाट हवी. वारंवार जुलाब होणाऱ्या, जंत झालेल्या मुलाला कागदावर मिळालेली ऊर्जा प्रत्यक्षात मिळतच नाही. आपण डब्याला विचारला तोच प्रश्न सुखात्मे इथे देशाला विचारत होते.

आता तो प्रश्न शाळेतल्याच पातेल्याला विचारू. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. त्यासाठी १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. मांडा हिशेब. तांदळाचे ३४५. तूरडाळ शंभराला ३३५, म्हणजे वीस ग्रॅमला ६७. तेलाचे ४५. झाले ४५७, भाजीचे थोडे वर. प्रथिनं तांदळातून ६.८, डाळीतून जवळपास साडेचार, भाजीतून थोडी, म्हणजे बाराच्या काठावर. नियमाचे आकडे आकाशातून पडलेले नाहीत, सातवीच्या मुलीला ते ताडून पाहता येतात. मात्र हे वजन कच्च्या शिध्याचं आहे. खिचडी शिजल्यावर एकूण किती भरली, किती ताटांत गेली, किती पातेल्याच्या बुडाला लागली, किती उष्टी राहिली, हे शाळेतल्या मुलांनी आठवडाभर तोलून लिहिलं तर तो उत्तम विज्ञानप्रकल्प होईल. यात कुणाची झडती घेण्याचा हेतू नको. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना सोबत घेऊनच तो करायचा. कुठे काय उरतं हे त्यांना सर्वांत जास्त ठाऊक असतं.

दुसरा प्रकल्प घरचा. वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार मध्यम कष्टाचं काम करणाऱ्या बाईला दिवसाला २१३० किलोकॅलरी लागतात आणि जड काम करणारीला २७२०. निंदण, कापूस वेचणी, सोयाबीनची सोंगणी, डोक्यावरचं पाणी, सरपण आणि त्याआधी-त्यानंतर घरातलं सगळं: हे मध्यम की जड? मुलांनी आईला, काकूला, आजीला विचारून दिवसभरात कोणतं काम किती वेळ चालतं ते लिहावं आणि त्याच कागदावर तिने काय आणि कितव्या पंगतीला खाल्लं तेही लिहावं. भाकरीच्या पिठाचं वजन कळलं की पुढचं गणित सोपं आहे, शंभर ग्रॅम ज्वारीला ३४९. तो कागद वर्गात मोठ्याने वाचायचा नाही. तो घरातच राहू द्यावा, वडिलांनी तो वाचावा.

शेवटी शिक्षकांसाठी काही कामाच्या सूचना. सुरुवात शेंगदाणा, तीळ, जवस, सोयाबीन अशा तेलकट दाण्यांनी करा. तीळ-जवस तारेच्या वाटीत ठेवा. ज्वारी, तांदूळ आणि हरभरा अख्खे घेऊ नका, ते नीट पेटत नाहीत, नुसते कोळपतात आणि मुलं हिरमुसतात. ज्वारीच्या लाह्या घ्या, त्या पेटतात. लाही फुटताना दाण्यातलं पाणी निघून जातं, त्यामुळे ग्रॅममागे लाहीचा आकडा दाण्याच्या आकड्यापेक्षा थोडा वर येईल. तो का आला, हे मुलांना आधी ओळखू द्या आणि मग एका दाण्याचं आणि एका लाहीचं वजन ताडून पाहायला सांगा. वहीच्या तक्त्यात वजन, सुरुवातीचं तापमान, शेवटचं तापमान, उरलेल्या कोळशाचं वजन आणि काढलेली ऊर्जा यांच्यापुढे आणखी एक रकाना आखा: न सापडलेली उष्णता. गुण द्यायचे असतील तर त्या रकान्यातल्या कारणांना द्या, पुस्तकाशी जुळलेल्या आकड्याला देऊ नका. तालुका विज्ञान प्रदर्शनाच्या परीक्षकांनाही माझी हीच विनंती आहे. तापमापी, पत्रा, तार, काटा यांपैकी काही कमी पडत असेल तर व्याख्यानानंतर मला भेटा. शाळेगणिक यादी करू आणि खरीप निघताच नवं सोयाबीन प्रयोगाला घेता येईल अशी तयारी ठेवू.